आधी ब्लड कल्चर, मग अँटिबायोटिक

पावसाळा सुरू झाला की फिजिशियनच्या दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येते: "डॉक्टर, टायफॉइड निघालाय." रुग्णाच्या हातात लॅबचा कागद असतो. त्यावर १:१६० असा काहीतरी आकडा आणि त्याखाली पेनाने ओढलेली रेघ. सोबत तीन-चार दिवसांपासून चालू असलेल्या अँटिबायोटिकची अर्धी संपलेली स्ट्रिप. हा कागद विडाल टेस्टचा असतो. त्यावरून टायफॉइड आहे की नाही हे बहुतेक वेळा खात्रीने सांगता येत नाही, आणि कोणते औषध लागू पडेल हे तर कधीच सांगता येत नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. टायफॉइडची खरी शंका असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी कल्चरसाठी रक्त घेतले गेले पाहिजे. हे तुमच्या स्वतःच्या उपचारासाठी हवे आहे. पण त्याहून मोठे कारण असे की टायफॉइडचा जंतू बदलतो आहे, आणि तो कसा बदलतो हे कळण्याचा रस्ता याच एका बाटलीतून जातो. हे कसे, ते सविस्तर समजून घेऊ.

मुदतीचा ताप आणि निकामी होत गेलेली औषधे

टायफॉइड हा साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू फक्त माणसात राहतो. रुग्णाच्या, किंवा बरे होऊनही जंतू बाळगून असलेल्या व्यक्तीच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातो. आतड्यातून तो रक्तात शिरतो आणि ताप सुरू होतो. जुनी माणसे याला 'मुदतीचा ताप' म्हणत, कारण तो आपली तीन-चार आठवड्यांची मुदत पुरी करूनच उतरत असे. त्या मुदतीत आतड्याला छिद्र पडून किंवा रक्तस्राव होऊन १०० पैकी १० ते २० रुग्ण दगावत.

१९४८ मध्ये मलायात काम करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांना क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध टायफॉइडवर लागू पडते असे दिसून आले आणि चित्र पालटले. पण १९७२ मध्ये केरळातील कोझिकोडला आणि त्याच वर्षी मेक्सिकोत या औषधाला न जुमानणाऱ्या टायफॉइडच्या साथी आल्या. १९९० च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमोक्साझोल या तिन्ही जुन्या औषधांना दाद न देणारे जंतू भारतात ठिकठिकाणी दिसू लागले. मग सिप्रोफ्लॉक्सासिनची पाळी आली. सुरुवातीला ते उत्तम चालले. आज आपल्याकडच्या टायफॉइडच्या बहुतेक जंतूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रियाक्सोनचे इंजेक्शन, सेफिक्झिमची गोळी आणि ॲझिथ्रोमायसिन यांवर आहे.

म्हणजे साधारण पाऊणशे वर्षांत एकेक औषध हातचे गेले. पुढचे औषध कधी जाईल, कुठे जाईल, हे आपल्याला वेळेवर कळणार आहे का, हा खरा प्रश्न आहे.

विडाल टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही

विडाल टेस्ट १८९६ सालची आहे. फ्रेंच डॉक्टर विडाल यांचे नाव तिला मिळाले. तिच्यात जंतू शोधला जात नाही. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, शोधल्या जातात. त्यामुळे तीन अडचणी येतात.

पहिली, या अँटिबॉडीज साधारण पहिला आठवडा उलटताना वाढू लागतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तरी टायफॉइड असू शकतो. दुसरी, आपल्या भागात अनेकांना पूर्वी कधीतरी टायफॉइडच्या किंवा त्याच्या भाऊबंद जंतूंची बाधा झालेली असते. त्यांच्या रक्तात अँटिबॉडीज आधीपासून असतात. मलेरियासारख्या दुसऱ्या तापांतही हा आकडा वर जाऊ शकतो. म्हणूनच "मलेरियापण निघाला आणि टायफॉइडपण" असे रिपोर्ट इतके दिसतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अडचण अशी की जंतूच हाती लागलेला नसतो, त्यामुळे त्याच्यावर कोणते औषध चालते हे तपासताच येत नाही.

एक वेगळा मुद्दा इथेच सांगून टाकतो. उपचार पूर्ण झाल्यावर "टायफॉइड गेला का बघू" म्हणून पुन्हा विडाल करू नका. अँटिबॉडीज बरे झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहू शकतात. तो आकडा बघून "अंगात टायफॉइड मुरलाय" असे ठरवायचे आणि पुन्हा अँटिबायोटिक घ्यायचे, हा प्रकार निव्वळ नुकसानीचा आहे.

कल्चरची बाटली

ब्लड कल्चरमध्ये शिरेतून घेतलेले रक्त जंतूंना पोषक द्रव असलेल्या बाटलीत भरतात. मोठ्या माणसाचे साधारण ८ ते १० मिलिलीटर रक्त एका बाटलीत लागते, मुलांचे कमी. ही बाटली यंत्रात ठेवली जाते. रक्तात जिवंत जंतू असेल तर तो वाढतो. बहुधा एक-दोन दिवसांत यंत्र इशारा देते. मग तो जंतू कोणता हे ओळखतात आणि वेगवेगळी अँटिबायोटिक्स त्याच्यावर लावून बघतात. वाढ झालीच नाही तर पाच दिवसांनी निगेटिव्ह रिपोर्ट मिळतो.

कल्चरही परिपूर्ण नाही. खरोखर टायफॉइड असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ६० जणांतच ते पॉझिटिव्ह येते. आधी अँटिबायोटिक घेतले असेल तर ही शक्यता आणखी घटते, कारण जंतू मेलेले किंवा अर्धमेले असतात आणि बाटलीत वाढत नाहीत. म्हणून तर 'आधी' या शब्दावर माझा इतका भर आहे. चार दिवस गोळ्या खाऊन झाल्यावर केलेले कल्चर निगेटिव्ह आले, तर त्यातून फारसे काही कळत नाही.

पण पॉझिटिव्ह आले तर हातात जंतू असतो, आणि तिथून पुढची सगळी गोष्ट सुरू होते.

जंतूची पोथी वाचणे

प्रत्येक जंतूत त्याच्या जनुकांचा मजकूर असतो. साल्मोनेला टायफीचा मजकूर सुमारे ४८ लाख अक्षरांचा आहे. तो पहिल्यांदा संपूर्ण वाचून २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जंतू व्हिएतनाममधील एका रुग्णाचा होता.

छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवून घेत. नकल करताना एखादे अक्षर चुके आणि पुढच्या नकलांत तीच चूक उतरे. अशा चुका ताडून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे अभ्यासक सांगू शकतात. जंतूचेही तसेच आहे. टायफीच्या मजकुरात साधारण दोन वर्षांत एखादे अक्षर बदलते आणि तो बदल त्याच्या वंशजांत उतरतो. वेगवेगळ्या रुग्णांतील जंतूंचा मजकूर ताडून पाहिला की त्यांची वंशावळ मांडता येते. कोण कोणाचा वंशज, फाटा कधी फुटला, कोणत्या देशातून कोणत्या देशात गेला, हे सारे दिसते.

२०१५ मध्ये ६३ देशांतील सुमारे १८०० जंतूंची अशी वंशावळ प्रसिद्ध झाली. त्यातले जवळजवळ निम्मे जंतू एच५८ नावाच्या एकाच कुळातले निघाले. हे कूळ १९८० च्या दशकात दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याच भागात उदयाला आले आणि पुढे आग्नेय आशियात व आफ्रिकेत पसरले. २०२२ मध्ये ७५०० हून अधिक जंतूंचा अभ्यास आला. त्यानुसार १९९० पासून औषधांना न जुमानणारे टायफॉइडचे जंतू जवळपास २०० वेळा एका देशातून दुसऱ्या देशात गेले आहेत, आणि त्यांचा उगम बहुतांशी दक्षिण आशियात आहे.

औषधाला दाद न देण्याची ताकद जंतूला दोन प्रकारे मिळते. एक म्हणजे स्वतःच्या मजकुरातले एखादे अक्षर बदलून. सिप्रोफ्लॉक्सासिनचा जोर अशाच बदलांनी ओसरला. ॲझिथ्रोमायसिनबाबतही असा बदल सापडला आहे: बांगलादेशातील जंतूंत एका अक्षराचा फरक पडला आणि औषध बाहेर फेकणारा जंतूचा पंप बळकट झाला. दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या जंतूकडून आयते सुटे पान मिळवणे. या पानाला प्लाझ्मिड म्हणतात. ते डीएनएचे छोटे कडे असते, आणि एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकते. एका पानावर तीन-चार औषधांना पुरून उरणारी जनुके एकत्र असू शकतात.

सिंधमध्ये काय घडले

हे सुटे पान काय करू शकते याचे सर्वांत ठळक उदाहरण पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हैदराबाद शहराचे आहे. २०१६ च्या अखेरीस तिथल्या रुग्णांच्या ब्लड कल्चरमध्ये सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइडचा जंतू वारंवार दिसू लागला. कराचीच्या आगाखान विद्यापीठातील डॉक्टरांनी आणि ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी त्या जंतूंचा मजकूर वाचला. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जंतू एच५८ कुळातलाच होता. तीन जुन्या औषधांना निकामी करणारी जनुके त्याच्या मूळ मजकुरात पक्की बसली होती. वर त्याने एक नवे प्लाझ्मिड मिळवले होते. त्यावर सेफ्ट्रियाक्सोनला तोडणारे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या विरोधात मदत करणारे जनुक होते. हे पान बहुधा ई. कोलाय या, माणसाच्या आतड्यात नेहमीच राहणाऱ्या जंतूकडून आले असावे, असे त्या मजकुरावरून दिसले. गोळीच्या रूपात ॲझिथ्रोमायसिन आणि शिरेतून द्यायचे महागडे मेरोपेनेम, एवढेच प्रमुख पर्याय उरले. पुढे ही साथ कराचीत आणि इतरत्र पसरली, हजारो लोकांना बाधा झाली, आणि प्रवाशांबरोबर हा जंतू ब्रिटन-अमेरिकेतही पोहोचला.

या कहाणीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग असा की साथ ओळखली गेली ती रुग्णांचे ब्लड कल्चर होत होते म्हणून. तिथे नुसत्या विडालवर काम चालले असते तर प्रत्येक रुग्णाचा आकडा वाढलेला दिसला असता, प्रत्येकाला सेफ्ट्रियाक्सोन दिले गेले असते, आणि 'या वेळी ताप लवकर उतरत नाही' एवढेच डॉक्टर एकमेकांना सांगत राहिले असते. कल्चरमुळे जंतू हाती आला, जंतूमुळे त्याचा मजकूर, आणि या पुराव्यामुळे लसीकरणाला जोर मिळाला. २०१९ मध्ये टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस नियमित लसीकरणात आणणारा पाकिस्तान हा पहिला देश ठरला.

हे शेजारच्या देशातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणता येणार नाही. सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू मुंबईतील रुग्णांतही सापडले आहेत.

तुमच्या सर्दीचा टायफॉइडशी संबंध

वरच्या कहाणीत एक वाक्य पुन्हा वाचा: पान आतड्यातल्या ई. कोलायकडून आले असावे. हा ई. कोलाय तुमच्या-माझ्या पोटात रोज असतो. साध्या व्हायरल सर्दी-तापाला मेडिकलमधून आणलेली सेफिक्झिमची स्ट्रिप घेतली की सर्दीच्या विषाणूला काहीच होत नाही. मात्र पोटातले साधे जंतू मरतात आणि हे पान बाळगणारे जंतू माजतात. उद्या टायफॉइडचा जंतू त्याच आतड्यात आला, तर त्याला हे पान मिळण्याची संधी वाढते. पानावर चार औषधांची जनुके एकत्र असतील तर एका औषधाच्या वापराने चारही जपली जातात.

याची उलटी बाजू दिलासा देणारी आहे. टायफॉइडसाठी क्लोरॅम्फेनिकॉल आणि कोट्रायमोक्साझोल यांचा वापर कमी झाल्यावर भारतात ही जुनी औषधे पुन्हा लागू पडणारे जंतू मोठ्या प्रमाणात दिसू लागले आहेत. स्वस्त, जुने औषध पुन्हा कामाला येऊ शकते. पण ते तुमच्या जंतूवर चालेल का, हे कल्चरचा रिपोर्टच सांगतो. अंदाजाने ते देता येत नाही.

नेहमीचे आक्षेप

"कल्चरचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात, तोवर तापात फणफणत बसायचे का?" मुळीच नाही. रक्त आधी घ्यायचे आणि गरज असेल तर औषध लगेच सुरू करायचे. रिपोर्ट आला की ते औषध बरोबर आहे का हे पाहायचे. थांबायचे असते ते फक्त रक्त काढून होईपर्यंत.

"कल्चर महाग असते." खरे आहे, विडालपेक्षा ते बरेच महाग पडते. पण चुकीच्या औषधाचा आठवडा, बुडलेली मजुरी, मग ॲडमिट होऊन सलाइन आणि इंजेक्शने, हा हिशेबही मांडून पाहा. तरीही ज्याचे हातावर पोट आहे त्याला ही रक्कम जड जाते हे मी रोज पाहतो. म्हणूनच हा भार एकट्या रुग्णावर टाकू नये असे माझे म्हणणे आहे. एका रुग्णाच्या कल्चरचा उपयोग त्याच्या गल्लीतल्या पुढच्या दहा रुग्णांना होतो. मग ते पालिकेच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात मोफत का असू नये?

"आमच्या तालुक्यात सोयच नाही." यंत्र प्रत्येक तालुक्यात नसले तरी बाटली तालुक्यात भरता येते. ती फ्रिजमध्ये ठेवायची नसते. खोलीच्या तापमानात लवकरात लवकर जिल्ह्याच्या लॅबमध्ये पोहोचवायची असते. कठीण आहे, पण अशक्य नाही. जंतूंच्या औषध-प्रतिकाराची नोंद ठेवणारे आयसीएमआरचे जाळे २०१३ पासून काम करत आहे. त्यात प्रामुख्याने मोठी रुग्णालये आहेत. छोट्या गावांतला जंतू तिथवर पोहोचतच नाही. तो दिसायला हवा असेल तर बाटली गावात भरली गेली पाहिजे.

"पावसाळ्यातला ताप म्हणजे टायफॉइडच, कल्चर कशाला?" याला आकड्यांनीच उत्तर देतो. २०१७ ते २०२० दरम्यान भारतात चार ठिकाणी मुलांचे तापाचे आजार कल्चर करून तपासले गेले. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर या शहरी भागांत वर्षाला दर लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ जणांना टायफॉइड आढळला. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हा आकडा फक्त ३५ होता. म्हणजे एका ठिकाणी टायफॉइड भरपूर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी मोजकाच. विडालच्या कागदांवरून हा फरक कधीच कळला नसता.

तुम्ही काय कराल

ताप येऊन एक-दोन दिवसच झाले असतील, आणि सर्दी-खोकला, अंगदुखी असेल, तर बहुधा तो व्हायरल असतो. पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती पुरते. घरात उरलेले किंवा शेजाऱ्यांनी सुचवलेले अँटिबायोटिक घेऊ नका.

ताप तीन दिवसांहून जास्त टिकला आणि कारण दिसत नसेल तर डॉक्टरांकडे जा. मलेरिया, डेंग्यू यांच्या तपासण्या आणि सीबीसी यांबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: "डॉक्टर, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करायचे का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. कोणत्याही समंजस डॉक्टरला तो आवडेल. आधी कुठले अँटिबायोटिक घेतले असेल तर त्याचे नाव लपवू नका. स्ट्रिप सोबत आणा.

श्वास लागणे, गुंगी, असंबद्ध बडबड, पोटात असह्य दुखणे, शौचातून रक्त किंवा काळे शौच, सतत उलट्या, लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर दिवस मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. लहान बाळे, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्या बाबतीतही वाट पाहू नका.

टायफॉइड निश्चित झाला आणि औषध सुरू झाले, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. योग्य औषध चालू असूनही टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी ताप आहे म्हणून डॉक्टर बदलू नका आणि औषधही बदलून मागू नका. बरे वाटले तरी ठरवून दिलेले दिवस पूर्ण करा. कल्चरचा रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा.

लसीचेही विसरू नका. टायफॉइड कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपुढच्या बाळांना देता येते. नेपाळमधील चाचणीत तिने सुमारे ८० टक्के संरक्षण दिले. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम काढून एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. लस घेतलेल्या मुलाला टायफॉइड होण्याचा संभव घटतो, म्हणजे अँटिबायोटिकची गरज घटते आणि जंतूला बदलण्याची संधीही. बालरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दल विचारा.

शेवटी, टायफॉइड हा पाण्याचा आजार आहे. नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळत राहिले तर कुठलेही औषध आणि कुठलीही लस पुरी पडणार नाही. नगरसेवक मत मागायला आला की रस्त्यांबद्दल विचारता तसे दोन प्रश्न आणखी विचारा. आमच्या वॉर्डातली पाण्याची लाइन शेवटची कधी तपासली? आणि पालिकेच्या दवाखान्यात ब्लड कल्चर कधीपासून मिळणार? पाण्याची लाइन दुरुस्त झाली तर टायफॉइड कमी होईल. कल्चर मिळू लागले तर जो उरेल, त्याच्यावर नेम धरून औषध देता येईल.